जुना फ्रिज आणि एक कंट्रोलर : घरच्या बिअरचे तापमान कमी खर्चात कसे राखावे

मेलबर्न आणि आसपासच्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तोच किटचा (माल्टच्या तयार पाकाचा) डबा, तीच यीस्टची पुडी, तेच नळाचे पाणी. तरीही मे महिन्यात घातलेली बिअर स्वच्छ चवीची उतरते आणि जानेवारीतल्या बिअरला केळ्याचा वास येतो, घशाला जळजळ होते, दोन ग्लासांत डोके जड होते. हा फरक बहुतेक वेळा तापमानाचा असतो. महागडा फर्मेंटर (बिअर आंबवायचे भांडे) किंवा परदेशी हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) घेण्याआधी तापमान ताब्यात घ्या, असे आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो. त्यासाठी लागणारे सामान कमी आहे. ते कुठे आणि कसे लावायचे, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे.

बिअर स्वतःच तापते

यीस्ट साखर खाते तेव्हा उष्णता बाहेर पडते. २३ लिटरच्या नेहमीच्या किटमध्ये सुमारे दोन किलो साखर आंबते. त्यातली सगळी उष्णता आतच राहिली, तर बिअर जवळजवळ १२ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता बाहेर जाते, पण ऐन भरात बिअर खोलीपेक्षा ३ ते ६ अंश गरम असते. म्हणजे खोली २२ अंशांवर असेल, तर यीस्ट २६-२७ अंशांवर काम करत असते. भिंतीवरच्या थर्मामीटरवर विसंबून राहणाऱ्यांची फसगत इथेच होते.

चवीचे बरेवाईट बहुतांशी पहिल्या तीन दिवसांत ठरते. या काळात यीस्ट वाढत असते. उष्मा जास्त झाला की ते फळांच्या वासाची एस्टर आणि घशाला बोचणारी जड अल्कोहोले जास्त तयार करते. ती नंतर थंड करून किंवा महिनाभर ठेवूनही जात नाहीत. म्हणून पहिले ७२ तास तापमान काटेकोर ठेवा. पुढे एखादा अंश इकडे तिकडे झाला तरी फारसे बिघडत नाही.

नुसता फ्रिज का पुरत नाही

घरच्या फ्रिजचा थर्मोस्टॅट अन्न टिकवण्यासाठी असतो. त्याचे बटण कुठेही फिरवले तरी आत साधारण १ ते ८ अंश राहणार. एल या नेहमीच्या, उबेत आंबणाऱ्या बिअरच्या यीस्टला १८ ते २० अंश लागतात. ८ अंशांवर ते तळाशी बसून झोपी जाते. म्हणून फ्रिजचा प्लग भिंतीत न लावता बाहेरच्या कंट्रोलरमध्ये लावायचा. कंट्रोलर बिअरचे तापमान पाहून फ्रिजचा वीजपुरवठा चालू-बंद करतो. फ्रिजचे स्वतःचे बटण सर्वांत थंडवर ठेवा, नाहीतर कंट्रोलरने वीज दिली तरी फ्रिजचा थर्मोस्टॅट मध्येच कॉम्प्रेसर बंद करील.

फ्रिज निवडताना

फिरवायच्या बटणाचा, साध्या थर्मोस्टॅटचा जुना फ्रिज सर्वांत चांगला. डिजिटल पडद्याचे नवे फ्रिज या कामाला नकोत. वीज गेली-आली की त्यातले काही मूळ सेटिंगवर जातात आणि काही पुन्हा चालूच होत नाहीत. कंट्रोलर तर दिवसातून अनेकदा वीज तोडतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज चालतो. फक्त त्याचा बर्फ वितळवण्याचा फेरा सुरू असताना अर्धा तास गारवा मिळत नाही, तेव्हा घाबरू नका.

वापरलेला फ्रिज अनेकदा फुकट किंवा शंभर डॉलरच्या आत मिळतो. घेण्यापूर्वी अर्धा तास चालू करून आतली मागची भिंत गार होते का पाहा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज निघून आला तर रबर गेले आहे. फर्मेंटरची उंची एअरलॉकसकट (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) मोजून न्या. तळाशी मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, तो जागा खातो. भरलेला फर्मेंटर २५ किलोच्या पुढे जातो आणि काचेच्या फळीला तो पेलत नाही. फळ्या काढून टाका आणि उंचवट्याच्या पातळीवर १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुड खालून आधार देऊन बसवा. फ्रिज आडवा करून आणला असेल, तर उभा करून एक दिवस तसाच ठेवा आणि मगच चालू करा.

वर फ्रीझरचा कप्पा असेल, तर त्यात मासे, पराठे, मटार काहीही ठेवू नका. १८ अंशांवर कॉम्प्रेसर क्वचितच चालतो, त्यामुळे फ्रीझर गोठलेला राहत नाही आणि अन्न खराब होते.

आडव्या पेटीच्या फ्रीझरमध्येही हे काम होते आणि त्याला विजेचा खर्चही कमी येतो. पण २५ किलो वजन कमरेच्या उंचीवरून आत सोडावे आणि बाहेर काढावे लागते. पाठीचा त्रास असणाऱ्यांना आम्ही उभा फ्रिजच सुचवतो.

वायर आत नेण्यासाठी फ्रिजला भोक पाडू नका. भिंतीत वायूच्या नळ्या असतात, आणि अलीकडच्या फ्रिजमधला आर-६०० ए हा वायू ज्वलनशील आहे. प्रोबची, म्हणजे कंट्रोलरच्या तापमान मोजणाऱ्या टोकाची, बारीक वायर दाराच्या रबराखालून सहज जाते.

कंट्रोलर

गारवा आणि ऊब अशी दोन्ही कामे करणाराच कंट्रोलर घ्या. मेलबर्नला जुलैत गॅरेज १० अंशांवर जाते, तेव्हा फ्रिजपेक्षा हीटरच जास्त लागतो. बाजारात दोन प्रकार दिसतात. एसटीसी-१००० हा उघड्या टर्मिनलचा छोटा तुकडा असतो. तो स्वस्त आहे, पण त्याला २३० व्होल्टच्या तारा जोडून डबीत बसवावे लागते. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ते पैसे धरले की स्वस्ताई फारशी उरत नाही. दुसरा प्रकार इंकबर्ड आयटीसी-३०८ सारखा, तयार प्लग आणि दोन सॉकेटचा. एका सॉकेटमध्ये फ्रिज, दुसऱ्यात हीट बेल्ट, म्हणजे फर्मेंटरभोवती गुंडाळायचा गरम पट्टा. बहुतेकांनी हाच घ्यावा.

हीट बेल्ट २५ ते ३० वॅटचा पुरतो. तो फर्मेंटरच्या खालच्या तिसऱ्या भागात गुंडाळा आणि त्याचे पदर एकमेकांवर येऊ देऊ नका. पदर चढले की तिथे प्लॅस्टिक मऊ पडते. ऊब देण्यासाठी बल्ब वापरू नका. प्रकाशाने हॉप्समधली द्रव्ये तुटतात आणि बिअरला घाणेरडा वास येतो.

प्रोब : सगळी गोम इथे

कंट्रोलरला कळते ते फक्त प्रोबच्या टोकाचे तापमान. ते टोक फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवले, तर हवा १८ अंशांवर राहील आणि ऐन भरातली बिअर २१-२२ वर. शिवाय हवा मिनिटांत गार-गरम होते, त्यामुळे कॉम्प्रेसर सतत चालू-बंद होतो आणि लवकर मरतो.

प्रोब फर्मेंटरच्या बाहेरच्या अंगाला, बिअरच्या पातळीच्या बऱ्याच खाली, मधोमध चिकटवा. हीट बेल्टच्या जवळ नको, झाकणावर तर नकोच. त्यावर दोन-तीन सेंटिमीटर जाड फोमचा तुकडा किंवा चार घड्यांचा बबल-रॅप ठेवा आणि रुंद चिकटपट्टीने घट्ट बांधा. आतल्या हवेपासून प्रोब झाकला गेला की त्याला बिअरचेच तापमान कळते. हा फोम अक्षरशः फुकटात मिळतो, आणि सर्वांत जास्त ग्राहक तोच विसरतात.

बिअरमध्ये बुडणारी स्टीलची नळी, म्हणजे थर्मोवेल, हा आणखी अचूक मार्ग. पण तिच्या बाबतीत एक अडचण येते. २३ लिटर बिअर सावकाश गार होते. मधला भाग १८ ला पोचेपर्यंत फ्रिजमधली हवा ३-४ अंशांवर गेलेली असते. कॉम्प्रेसर बंद झाला तरी बिअर आणखी उतरत राहते, मग हीटर चालू होतो, आणि दिवसभर दोघांची रस्सीखेच चालते. असे दिसले तर खाली सांगितलेला फरक वाढवा.

पहिल्या वापरापूर्वी प्रोब तपासून घ्या. ग्लासभर बारीक बर्फात थोडे पाणी घाला, ढवळत राहा आणि पाच मिनिटांनी आकडा वाचा. तो ० यायला हवा. ०.८ आला, तर सुधारणेच्या सेटिंगमध्ये उणे ०.८ भरा.

सेटिंगचे आकडे

एसटीसी-१००० वर एफ-१ म्हणजे हवे ते तापमान, एफ-२ म्हणजे फरक, एफ-३ म्हणजे कॉम्प्रेसरची विश्रांती, एफ-४ म्हणजे सुधारणा. आयटीसी-३०८ वर याच गोष्टी अनुक्रमे टीएस, सीडी व एचडी, पीटी आणि सीए या नावांनी दिसतात. त्यात गारव्याचा आणि उबेचा फरक वेगवेगळा देता येतो.

एलसाठी हवे ते तापमान १८ ठेवा. प्रोब बाहेर चिकटवला असेल तर फरक ०.५ अंश, थर्मोवेल असेल तर १ अंश. ०.५ फरकाचा अर्थ असा की, १८.५ ला फ्रिज चालू होतो आणि १८ ला बंद, १७.५ ला हीटर चालू होतो आणि १८ ला बंद. फरक ०.३ करून कोणाचे भले झालेले नाही. बिअरला तो कळत नाही आणि यंत्राची झीज मात्र होते.

विश्रांती जुन्या फ्रिजला ५ मिनिटे द्या. बंद झालेल्या कॉम्प्रेसरमधला वायूचा दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटर फिरत नाही, नुसती घुं घुं करते, टक् आवाज होऊन सुरक्षा-स्विच पडतो आणि असे वारंवार झाले की मोटर जळते.

यीस्ट टाकण्याआधी

गरम मिश्रण फ्रिजमध्ये ठेवून गार होण्याची वाट पाहू नका. १० अंश उतरायला रात्र जाते, आणि तेवढ्यात यीस्ट टाकले तर पहिले मोलाचे तास उष्म्यात जातात. रिकामा फ्रिज हाताशी आहेच. आदल्या दिवशी १२ लिटर पिण्याचे पाणी स्वच्छ बाटल्यांत भरून त्यात ४ अंशांवर ठेवा. दुसऱ्या दिवशी डबा, साखर आणि कढत पाणी मिळून ३ लिटर मिश्रण ८० अंशांवर असेल, त्यात ८ लिटर नळाचे २२ अंशांचे पाणी आणि हे १२ लिटर गार पाणी घातले की एकूण २३ लिटर सुमारे २० अंशांवर येते. नळाचेच पाणी वापरले असते तर ते ३० च्या आसपास राहिले असते.

दिवसांचा क्रम

एल : पहिले चार दिवस १८. फेस ओसरू लागला की २० किंवा २१ करा, म्हणजे यीस्ट मागे ठेवलेली लोण्यासारख्या वासाची द्रव्ये स्वतःच संपवते. हायड्रोमीटरचा (बिअरमध्ये उरलेली साखर दाखवणाऱ्या तरंगत्या नळीचा) आकडा सलग दोन दिवस तोच आला की आंबणे संपले. मग २ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा. यीस्ट तळाशी बसते आणि बिअर नितळ होते. त्याआधी एअरलॉकमधले पाणी बरेच कमी करा किंवा त्यात व्होडका घाला, कारण गार होताना फर्मेंटरमधली हवा आकुंचन पावते आणि एअरलॉकमधले पाणी आत ओढले जाते. शून्याच्या खाली जाऊ नका. पाच टक्क्यांची बिअर उणे २ च्या आसपास गोठू लागते.

लागर (गारव्यात सावकाश आंबणारी बिअर) : १२ अंश, जास्त यीस्ट आणि जास्त धीर. २३ लिटरला ११.५ ग्रॅमच्या दोन पुड्या घ्या. शेवटी दोन दिवस १८ वर आणून मग थंड करा. डब्यावर लागर लिहिले असले तरी बऱ्याच किटमधली पुडी एल यीस्टची असते, ते आम्हाला विचारून घ्या. एल यीस्ट १२ अंशांवर ठेवले की आंबणे अडते आणि मग यीस्ट खराब निघाले अशी शंका येते.

बाटल्या भरल्यावर त्यांना दोन आठवडे २० ते २२ अंश लागतात. हिवाळ्यात हाच फ्रिज बेल्ट लावून उबदार कपाट म्हणून वापरा.

नेहमीच्या तक्रारी

कंट्रोलर १८ दाखवतो पण बिअर गरम लागते : प्रोबची चिकटपट्टी ओलाव्याने सुटली आहे. तापमान चढतच जाते आणि फ्रिज चालू होत नाही : हीटरचा आणि फ्रिजचा प्लग उलट्या सॉकेटमध्ये लागले आहेत. ही चूक वाटते त्याहून जास्त होते आणि एका रात्रीत बिअर वाया घालवते. आत काळी बुरशी : १८ अंशांवर फ्रिज दमट राहतो. ओलावा शोषणारा डबा ठेवा आणि दर बॅचनंतर भिंती पुसून दार दोन दिवस उघडे ठेवा. मात्र घरात लहान मुले असतील तर उघडा किंवा पडून असलेला जुना फ्रिज धोक्याचा आहे, त्याला कडी-कुलूप लावा.

एका बॅचमधून सुमारे ५०० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. गॅरेजला हवा खेळती ठेवा आणि पेटीच्या फ्रीझरमध्ये डोके घालून श्वास घेऊ नका.

फ्रिजला जागा किंवा पैसे नसतील तर

बंद पडलेला फ्रिजही उपयोगी आहे, त्याच्या जाड भिंती चालतातच. सव्वा लिटरची गोठवलेली बाटली वितळून १८ अंशांवर येईपर्यंत २३ लिटर बिअर सुमारे ५ अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता शोषते. उन्हाळ्यात सकाळी एक, रात्री एक अशी बदलत राहा. ओल्या टॉवेलवर पंखा लावणे मेलबर्न-ॲडलेडच्या कोरड्या हवेत चांगले चालते, ब्रिस्बेनच्या दमट हवेत नाही. आणि ४० अंशांच्या लाटेत काहीच जमणार नसेल, तर नॉर्वेचे व्हॉस क्वाइक यीस्ट घ्या. ते ३५ ते ४० अंशांवरच खुशीत असते.

कायद्याविषयी

ऑस्ट्रेलियात प्रौढांना स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर बनवता येते, विकता येत नाही. भट्टी लावून दारू गाळणे परवान्याशिवाय गुन्हा आहे. पुण्या-मुंबईच्या भावंडांना किट पाठवण्याबद्दल विचारणा होते. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, त्यामुळे आम्ही तिकडे किट पाठवत नाही.

काही अडले तर दुकानात येताना कंट्रोलरवरचे चारही आकडे लिहून आणा आणि प्रोब लावलेल्या जागेचा फोटो काढून आणा. बहुतेक वेळा फोटो पाहूनच दोष सापडतो.