एचपीव्ही लस : रिकाम्या कवचाची करामत

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या चिवट संसर्गातून होतो. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत, पण सुमारे ७० टक्के कर्करोग १६ आणि १८ या दोनच प्रकारांमुळे होतात. बहुतेक संसर्ग शरीर दोनेक वर्षांत स्वतःच निपटतं. जो ठाण मांडून बसतो, त्यात विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशींच्या वाढीवरचा लगाम सैल करतात. तिथून कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारण १५ ते २० वर्षांचा.

लसीत विषाणू नसतोच. असतं ते त्याचं रिकामं कवच. एल१ या प्रथिनाचे ३६० रेणू आपोआप जुळून हुबेहूब विषाणूसारखा गोळा होतो. आत डीएनए नाही, म्हणून संसर्गही नाही. खरा विषाणू गर्भाशयमुखाच्या अस्तराच्या थरांतच दडतो, रक्तात उतरत नाही, त्यामुळे प्रतिकारयंत्रणेला त्याचा सुगावा जेमतेम लागतो. कवच मात्र थेट स्नायूत टोचलं जातं आणि नैसर्गिक संसर्गापेक्षा कितीतरी जास्त प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होतात.

ही प्रतिपिंडं विषाणूला पेशीच्या दारातच अडवतात. आत शिरलेल्याला बाहेर काढू शकत नाहीत. म्हणून तर लस लैंगिक संबंध सुरू होण्याआधी, ९ ते १४ या वयात द्यायची. 'एवढ्या लहान मुलीला कशाला?' याचं उत्तर हेच.

डोस ०.५ मिलिलिटर, दंडाच्या स्नायूत. दोन डोस असतील तर मध्ये सहा महिने ठेवावेत. दुसरा लांबला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. घाई मात्र नडते. ९ ते २० वयोगटासाठी एका डोसचा पर्यायही जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्य केला. एचआयव्ही किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर किमान दोन, शक्यतो तीन डोस. गरोदरपणात लस पुढे ढकलतात. किशोरवयीन मुलींना सुई टोचल्यावर कधीकधी भोवळ येते, म्हणून १५ मिनिटं बसवून ठेवावं.

साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसला. उष्णतेची धास्ती सगळ्यांनाच असते, पण या लसीला गोठणं अधिक घातक. त्यातल्या ॲल्युमिनियम क्षारांच्या गुठळ्या होतात आणि लसीचा जोर जातो. एकदा गोठलेली कुपी वितळल्यावर ठीक दिसली तरी फेकूनच द्यायची.

विषाणूच्या नऊ प्रकारांपासून बचाव करणारी लसही कर्करोगकारक सगळे प्रकार झाकत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या स्त्रीनेही तिशीपासून गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करून घ्यायची असते.