कल्पित राज्यांचे कायदे : एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

शस्त्र घेऊन शहरात शिरता येतं का, जादू करायला परवाना लागतो का, मेलेल्याला मंत्राने उठवलं तर वारसांनी वाटून घेतलेली इस्टेट त्याला परत मिळते का? टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या कल्पनारम्य खेळांत (रोल-प्लेइंग गेम) आज कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींची कथा, मांडणारा मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, असले प्रश्न पहिल्या सेशनआधीच सोडवून ठेवतो. सुरुवातीच्या छापील नियमांत मात्र त्यांना फारशी जागा नव्हती. कायदा नावाची गोष्ट तेव्हा राज्यात नव्हतीच. ती पात्राच्या कागदावर नेऊन ठेवली होती.

१९७१च्या एका युद्धखेळात, छोट्या मूर्तींची सैन्यं मांडताना, काल्पनिक जीवांची वाटणी लॉ (कायदा), न्यूट्रल (तटस्थ) आणि केऑस (बेबंदी) अशा तीन गटांत केलेली होती. कोण कुणाच्या बाजूने लढणार एवढाच तिचा उपयोग. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हा ही तिहेरी वाटणी तशीच उचलली गेली, आणि सैन्याची बाजू एका माणसाचा स्वभाव, म्हणजे पात्राची 'अलाइनमेंट', होऊन बसली. १९७७च्या बेसिक संचात तीनाचे पाच प्रकार झाले, १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात नऊ. पुढच्याच वर्षी आलेल्या मास्टरच्या पुस्तकाने तर अलाइनमेंट बदलणाऱ्या पात्राची एक लेव्हल (अनुभवाची पायरी) कापायची तरतूद केली. म्हणजे शिक्षा होती, पण ती देणारा न्यायाधीश, कोतवाल किंवा राजा जगात कुठेच नव्हता.

सगळ्यात जास्त भांडणं झाली ती पॅलाडिन या धर्मयोद्धा पात्रावरून. १९७८च्या नियमांत तो लॉफुल गुड (कायदा पाळणारा आणि सज्जन) असणं सक्तीचं होतं. त्याने उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मकार्याला द्यायचा, दहापेक्षा जास्त जादुई वस्तू बाळगायच्या नाहीत. केऑटिक (बेबंद) कृत्य हातून घडलं तर वरच्या लेव्हलच्या क्लेरिककडे (पुरोहिताकडे) कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायचं; जाणूनबुजून दुष्ट कृत्य केलं तर पॅलाडिनपण कायमचं गेलं. यातल्या दशांशाची आणि वस्तूंची अट कुणालाही तपासता येते, म्हणून तिच्यावर वाद नाही. बाकीचं सगळं अधांतरी. राज्याच्या कायद्यात गुलामगिरी मान्य असेल तर पॅलाडिनने पळालेला गुलाम मालकाकडे परत करायचा का? शरण आलेल्या ऑर्कला, म्हणजे नियमांत दुष्ट ठरवलेल्या राक्षसी जमातीतल्या जीवाला, मारलं तर ते दुष्ट कृत्य, की त्याचं कर्तव्य? कायद्याचा मजकूरच कुठे लिहिलेला नसल्यामुळे निवाडा मास्टरच्या मर्जीवर जायचा, आणि खेळाडूला तो जगाचा न्याय न वाटता समोर बसलेल्या माणसाची खोडी वाटायचा. अलाइनमेंटच्या नऊ चौकोनांनी नवख्याला पात्र पटकन उभं करता आलं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण एका राज्याचा कायदा दुसऱ्या राज्यापेक्षा वेगळा का, हा प्रश्न त्यांनी बराच काळ झाकून ठेवला, असं माझं मत आहे.

दुसऱ्या वाटाही त्याच काळात निघाल्या होत्या. १९७५च्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'मध्ये कुळं, देवळं आणि दर्जा यांनी बांधलेला समाज आयताच मिळत होता. परका माणूस तिथे आधी परदेश्यांच्या वस्तीत राहतो, वशिला शोधतो, मग वर चढतो. १९७७च्या 'ट्रॅव्हलर'ने उलटं टोक गाठलं. ते विज्ञानकथेचं विश्व, पण युक्ती कल्पनारम्य खेळांनीही घेण्यासारखी होती. दोन फाशांची बेरीज, त्यातून सात वजा, त्यात शासनप्रकाराचा आकडा मिळवायचा, की त्या ग्रहाची 'लॉ लेव्हल' तयार. शून्य म्हणजे काहीच बंदी नाही. नऊ म्हणजे घराबाहेर कुठलंच शस्त्र चालणार नाही. स्थानिक पोलिसांच्या तावडीतून सुटण्यासाठी फाशांवर जे दान लागतं, ते हाच आकडा ठरवतो. लग्न, वारसा, कर्ज यांबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही, पण बंदूक कमरेला लावून उतरायचं का, हे दहा सेकंदांत कळतं.

रीतिरिवाजांना खरी किंमत आली ती १९८५च्या 'पेंड्रॅगन'मध्ये. तिथे स्वभावगुणांच्या तेरा जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस: दया वाढली की क्रौर्य तेवढंच घटतं. शिवाय निष्ठा, कुटुंबप्रेम, आतिथ्य, सन्मान यांचेही आकडे. पाहुणा म्हणून ज्याच्या घरी जेवलो त्याच्यावर तलवार उपसली तर आकडा खाली येतो, आणि पुढच्या प्रसंगात खेळाडूच्या मनात असलं तरी पात्राचं मन साथ देईलच असं नाही. पॅलाडिनचा प्रश्न इथे थोडा सुटतो, कारण मोडलेली रीत नेमकी कोणती हे कागदावर असतं.

१९८७च्या 'आर्स मॅजिका'ने जादूगारांनाच संहिता दिली. दुसऱ्याची जादू हिरावायची नाही, त्याच्यावर मंत्राने पाळत ठेवायची नाही, सैतानाशी व्यवहार करायचा नाही. दर सात वर्षांनी सभा भरते आणि खटले चालतात. एकमेकांवर युद्ध पुकारण्याचीही रीतसर सोय आहे. या खेळाचे जुने खेळाडू लढायांपेक्षा खटल्यांच्याच गोष्टी रंगवून सांगतात. १९९१च्या 'व्हँपायर'मधल्या सहा परंपराही (रक्तपिपाशांनी पाळायचे नियम) याच घराण्यातल्या.

मूळ खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', अलाइनमेंटच्या सक्तीपासून हळूहळू मागे सरकला. २००८च्या आवृत्तीत नवाचे पाच प्रकार झाले. २०१४मध्ये नऊ परत आले, पण पॅलाडिनला अलाइनमेंटची सक्ती उरली नाही. त्याऐवजी तीन शपथा आल्या, प्रत्येकीची कलमं छापलेली. अस्पष्ट सद्गुणाच्या जागी वाचता येणारा मजकूर आला, हे मला त्या आवृत्तीचं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं.

२०१७च्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये तर कायदा हिशेबाच्या वहीत येतो. प्रत्येक गुन्ह्यानंतर खेळाडूंच्या गुन्हेगार टोळीवर 'हीट', म्हणजे पोलिसांच्या नजरेचा आकडा, चढते. कुणी मेलं असेल तर दोन जास्त. साचत गेली की 'वाँटेड लेव्हल' वाढते, आणि ती उतरवायची तर कुणाला तरी तुरुंगात जावं लागतं. मृत्यूवर एवढी नजर का, याचं उत्तर जगातच आहे: तिथे मेलेल्यांची भुतं होतात, म्हणून प्रेत नष्ट करणं ही शहराची गरज आहे आणि कुणी मेलं की दहनगृहाची घंटा आपोआप वाजते. खून लपवता येत नाही, म्हणून टोळ्या तो टाळतात.

गेल्या दोन दशकांत आणखी एक थर चढला. कुठला विषय खेळात मुळीच नको आणि कुठला पडद्याआड चालेल, हे आधी ठरवण्याची पद्धत २०००नंतरच्या दशकात रूढ होऊ लागली. २०१३मध्ये नको असलेला प्रसंग खेळ थांबवून वगळण्यासाठीचं 'एक्स-कार्ड' आलं. जन्मानेच दुष्ट ठरलेल्या जमाती लिहिण्यावर आक्षेप वाढले, आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०२४च्या पुस्तकात 'रेस'च्या (वंश) जागी 'स्पीशीज' (प्रजाती) आलं. काही जुन्या मास्टरांना हा लाड वाटतो. मला वाटत नाही, कारण शरण आलेल्या ऑर्कचा प्रश्न याशिवाय सुटणार नव्हता. काम मात्र वाढलं आहे: राज्यात काय निषिद्ध आणि टेबलावर काय निषिद्ध, अशा दोन याद्या आता कराव्या लागतात, आणि दुसरी यादी हातात आली की पहिलीतली दोन-चार कलमं हमखास पुन्हा लिहावी लागतात.