आत्याच्या तीन उशा आणि ३० टक्के पंपिंग

आत्या दिवाळीनंतर आमच्याकडे राहायला आली आणि पहिल्याच रात्री म्हणाली, अगं अजून दोन उशा दे गं. एका उशीवर झोपलं की मध्यरात्री जीव घाबराघुबरा होऊन जाग यायची, मग खिडकीशी जाऊन बसायचं, पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटायचं, असं म्हणे दोन महिने चाललेलं. गावाकडच्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिलेल्या, आणि पाय सुजतात म्हटल्यावर आता वय झालं म्हणाले. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली तर पंपिंग ३० टक्के, म्हणजे हार्ट फेल्युअर.

झालं, घरात रडारड. ७० टक्के हार्ट गेलं असंच सगळ्यांना वाटलं.

तर आधी हा आकडा समजून घ्या. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात साधारण १२० मिली रक्त भरतं आणि एका ठोक्याला त्यातलं ७० मिलीच्या आसपास बाहेर जातं, पूर्ण कप्पा कुणाचाच रिकामा होत नाही. म्हणजे धडधाकट माणसाचं पंपिंगसुद्धा ५५ ते ७० टक्के असतं, १०० कधीच नाही. तीस म्हणजे निम्म्यावर आलंय, गंभीर आहेच, पण हार्ट बंद पडलेलं नाही. हार्ट फेल्युअर हे नावच मुळात घाबरवणारं आहे. हार्ट अटॅक म्हणजे रक्तवाहिनी अचानक बंद होणं, फेल्युअर म्हणजे पंप कमी पडणं, आणि जुना अटॅक, वर्षानुवर्षांचं बीपी, झडपेचा आजार, क्वचित बाळंतपण, यातलं काहीही त्याला कारण असू शकतं. आणि उलटंही असतं बरं का, पंपिंग ५०च्या वर आणि तरी फेल्युअर, कारण हृदय कडक झालंय, ते नीट सैल पडून भरतच नाही. बीपी-शुगरवाल्या वयस्कर बायकांत हे खूप दिसतं. त्यामुळे इको नॉर्मल आला तरी धाप लागतच असेल तर बीएनपी नावाची रक्ताची टेस्ट असते, त्याबद्दल डॉक्टरांना विचाराच.

मला सगळ्यात भारी वाटली ती किडनीची भानगड. नळाला पाणी बारीक यायला लागलं की चाळीत काय होतं, जो तो पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवतो. किडनीचं तेच. पंप कमजोर झाला की तिच्याकडे रक्त कमी येतं, तिला वाटतं अंगातलं पाणीच आटलं, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. पाणी तर भरपूर असतं हो, पंपच ढकलत नाही. मग ते साठलेलं पाणी दिवसभर पायात उतरतं, नडगीवर अंगठा दाबून धरला की खड्डा पडतो आणि लगेच भरत नाही, आणि रात्री आडवं झालं की तेच पाणी वर छातीकडे येतं, फुफ्फुसं जड होतात. म्हणून उशा. रात्री तीनतीनदा लघवीला उठणंही त्यातलंच, आणि जेवण जात नाही तेही, कारण लिव्हर आणि आतड्यांनाही सूज असते.

औषधांत पाणी काढायची गोळी दोन दिवसांत बरं वाटायला लावते, म्हणून लोकांना तीच खरी वाटते. पण आयुष्य वाढवणारी औषधं वेगळी. त्यातल्या एका गटाची सुरुवात ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून झाली, खरंच. किडनीचा तो चुकीचा अलार्म ती गोळी शांत करते. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके हळू करणाऱ्या गोळ्या, तर एकेकाळी फेल्युअरमध्ये द्यायच्याच नाहीत असं होतं, कमजोर हृदयाला अजून हळू कशाला करायचं म्हणून, पण १९७५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या डॉक्टरांनी थोड्या पेशंटना देऊन बघितलं आणि ते सुधारले. तिसरी स्पायरोनोलॅक्टोन, १९९९ च्या मोठ्या अभ्यासात तिने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. चौथीवरून आत्या भांडली, मला शुगर नाही मग शुगरची गोळी का? ती डापाग्लिफ्लोझिन, आली डायबेटिससाठी पण २०१९ मध्ये कळलं की शुगर नसलेल्यांच्या हार्टलाही फायदा होतो, आणि पुढे भारतात पेटंट संपल्यावर स्वस्तही झाली.

सहा महिन्यांनी आत्याचं पंपिंग ४५ झालं आणि ती म्हणाली आता बंद करू गोळ्या. नाही! पंपिंग पुन्हा नॉर्मल झालेले पेशंट घेऊन इंग्लंडमध्ये हाच प्रयोग झालाय, गोळ्या हळूहळू थांबवल्या तर सहा महिन्यांत ४० टक्क्यांहून जास्त लोकांचा आजार परत आला.

बाकी घोळ स्वयंपाकघरात होतो. लोणचं-पापड आम्ही बंद केलं तर आत्याने सैंधव आणलं, पण सैंधवातही सोडियमच असतं की. लो सोडियम मीठ तर तिच्यासाठी आणखी वाईट, त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ते रक्तात चढून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांनीही अंगात पाणी धरतं, हे आम्हाला दुसऱ्यांदा पाय सुजल्यावर कळलं.

आता आत्या रोज सकाळी लघवीला जाऊन आली की चहाच्या आधी वजनकाट्यावर उभी राहते आणि कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली आकडा लिहिते. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन, कारण इतकी चरबी तीन दिवसांत चढत नाही, ते पाणीच असतं. गणपतीत ६१.२, ६२.१, ६३.४ असे ओळीने आकडे आले, पाय अजून सुजलेही नव्हते. फोनवर डॉक्टरांनी पाण्याची गोळी चार दिवस वाढवली, पाचव्या दिवसाच्या चौकोनात ६१.५ लिहिलंय आणि त्याच्या शेजारी, दूध दीड लिटर.