सलायनात घर घेताय? मागच्या कुरणातल्या गाई बघून सही करू नका
(आम्ही घरखरेदीचे एजंट; आमच्याबरोबर घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे माहितीपत्रक)

शनिवारी संध्याकाळी आमच्या फोनवर एक फोटो हमखास येतो. नव्या घराची मागची खिडकी, बाहेर तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे आठ-दहा काळ्या गाई, गवताचे गोल भारे आणि मावळतीचं ऊन. खाली लिहिलेलं असतं: "दादा, मागे पूर्ण मोकळं आहे! बुक करून टाकलं. आता मागे पुढेमागे काय होणार आहे ते जरा बघून सांगाल का?"

आम्ही नक्की सांगतो. पण आधी बघायचं आणि मग बुक करायचं, हा क्रम उलटा झाला की तुमचे दोन-तीन आठवडे फोनाफोनीत जातात आणि आमच्या हातात करण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणून हे पत्रक. पहिल्यांदा गाव बघायला निघण्याआधी एकदा शांतपणे वाचा.

गावाचं नाव इंग्रजीत वाचून बरेच जण सेलिना म्हणतात. इथले लोक सलायना म्हणतात, आपणही तसंच म्हणू. टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला चाळीसेक मैलांवरचं हे गाव. 1876 च्या सुमारास इथे वस्ती झाली आणि टेनेसीतल्या याच नावाच्या गावावरून नाव पडलं. 1902 मध्ये रेल्वे आली ती गावापासून मैलभर लांबून, तेव्हा लोकांनी दुकानं आणि घरं ओंडक्यांवर चढवून रुळांजवळ ओढत नेली. आज जो विटांचे रस्ते असलेला जुना चौक तुम्हाला आवडतो, तो म्हणजे हे हललेलं गाव. शुक्रवारी रात्री शाळेच्या फुटबॉलला सगळं गाव लोटतं. 1998 ते 2001 अशी सलग चार वर्षं इथल्या हायस्कूलने राज्याचं अजिंक्यपद जिंकलं आणि लागोपाठ 68 सामने एकही हार पत्करली नाही. शेजाऱ्याशी ओळख करून घ्यायची असेल तर हा विषय काढा, पुढचा अर्धा तास तोच बोलेल.

गुरांचा इतिहास त्याहून जुना. तुम्ही रोज ज्या प्रेस्टन रोडने कामाला जाणार आहात, तो बऱ्याच अंशी शॉनी ट्रेलचा मार्ग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दक्षिण टेक्सासमधले लांब शिंगांचे कळप ऑस्टिन, वेको, डॅलस करत याच वाटेने रेड नदीकडे आणि पुढे मिझुरीच्या बाजारांकडे हाकले जायचे. टेक्सासच्या गुरांबरोबर गोचिडांचा ताप यायचा, त्यामुळे मिझुरीच्या शेतकऱ्यांनी वाट अडवली. 1867 मध्ये कॅन्ससात अ‍ॅबिलीनचं रेल्वेस्थानक गुरांसाठी सुरू झालं आणि कळप पश्चिमेच्या चिझम ट्रेलकडे वळले. नदीकाठचं प्रेस्टन गाव तर आता लेक टेक्सोमाच्या पाण्याखाली आहे. रस्त्याला नाव तेवढं राहिलं. आसपास मात्र कापूस, गहू, गुरं आणि घोडे चालूच राहिले. पश्चिमेला ऑब्री आणि पायलट पॉइंटच्या बाजूला आजही घोड्यांचे नामांकित रँच आहेत, मुलांना एकदा जरूर दाखवा.

आता वाढ बघा. 2010 च्या जनगणनेत सलायनाची लोकसंख्या 6,028 होती, 2020 मध्ये 16,739. 2022 ते 2023 या एका वर्षात ती 26.6 टक्के वाढली आणि वीस हजारांवरच्या शहरांमध्ये हे देशातलं सर्वांत वेगाने वाढणारं शहर ठरलं. 2025 मध्ये गावाला स्वतःचं मोठं रुग्णालय मिळालं. डॅलस नॉर्थ टोलवे उत्तरेकडे सरकतो आहे. या वेगाने माणसं येतात तेव्हा घरं, दुकानं, शाळा आणि सहापदरी रस्ते कुठेतरी बसवावेच लागतात. मोकळी जमीन उरली आहे ती कुरणांचीच.

तर त्या गाईंकडे येऊ.

आपल्या मनात कुरण म्हटलं की गायरान येतं. गायरान गावाचं, त्यावर कुणी बांधलं तर अतिक्रमण. इथलं कुरण मात्र खासगी आहे आणि बहुतेक वेळा त्याचा मालक शेतकरीही नसतो. जमीन एखाद्या कंपनीच्या किंवा भागीदारीच्या नावावर असते आणि चराईसाठी एखाद्या गुराख्याला भाड्याने दिलेली असते. हे का करतात? कारण टेक्सासच्या कायद्यात शेती किंवा चराईखालच्या जमिनीवर बाजारभावाने कर लागत नाही. ती जमीन शेती म्हणून किती उत्पन्न देईल, त्यावर लागतो. एकराला लाख डॉलरच्या घरात विकली जाईल अशी जमीन करापुरती काही शे डॉलरची धरली जाते. तेवढ्यासाठी ठरावीक प्रमाणात गुरं ठेवावी लागतात, किंवा गवत कापून भारे बांधावे लागतात. तुमच्या फोटोतल्या गाई आणि ते गोल भारे अनेकदा या कामाला असतात. यात बेकायदा काही नाही. खरे रँचर कुटुंबही याच सवलतीवर टिकून आहेत, आणि ती नसती तर हा सगळा पट्टा वीस वर्षांपूर्वीच विकला गेला असता असं आमचं मत आहे.

दुसरी गल्लत एनएची. आपल्याकडे शेतजमीन बिगरशेती करून घ्यायची म्हणजे किती उंबरे झिजवावे लागतात हे घरोघरी माहीत असतं. त्यामुळे "शेतजमीन आहे ना, मग इतक्यात काही होत नाही" असा आपला हिशेब. इथे तसा वेगळा एनए आदेश नसतो. वापर बदलला की मागच्या तीन वर्षांच्या करातला फरक भरायचा, एवढंच. पूर्वी तो पाच वर्षांचा आणि व्याजासकट होता. मोठ्या बिल्डरच्या हिशेबात ही किरकोळ रक्कम असते. खरा अडसर एकच, शहराचं झोनिंग, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम. आणि कुरण शहराच्या हद्दीबाहेर असेल तर तोही जवळजवळ नाही, कारण टेक्सासमध्ये कौंट्यांना (म्हणजे जिल्ह्यांना) सर्वसाधारणपणे झोनिंगचा अधिकारच नसतो.

आमच्याच एका ग्राहक कुटुंबाची गोष्ट. मॉडेल होमला, म्हणजे बिल्डरचं नमुना घर बघायला, ती मंडळी आमच्याशिवाय गेली. मागे कुरण असलेल्या लॉटसाठी (प्लॉटसाठी) काही हजार डॉलर जास्त मोजले, अनामत भरली, सही केली आणि मग आम्हाला फोन. आम्ही प्रत्यक्ष गेलो. कुंपणाच्या कोपऱ्यावर, गवतात अर्धी बुडालेली, शहराची झोनिंग बदलाची पाटी उभी होती. मागे अपार्टमेंट येणार होती. वहिनी त्या पाटीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "आम्ही चार वेळा आलो, गाईंचे फोटो काढले, हिच्याकडे कुणी बघितलंच नाही." अनामत परत मिळाली नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे, जी बिल्डरच्या विक्री कार्यालयात तुम्हाला कुणी आपणहून सांगेल असं धरू नका. झोनिंग बदलायचं असेल तर शहर 200 फुटांच्या आतल्या जमीनमालकांना लेखी सूचना पाठवतं. पण ती कर-नोंदीत ज्याचं नाव आहे त्याला जाते. तुमचं घर अजून बांधून व्हायचं असेल तर मालक बिल्डर आहे, म्हणजे सूचनाही बिल्डरला. तुम्ही घराचा ताबा घेईपर्यंत सुनावणी होऊन गेलेली असते.

जुनं घर घेताना टेक्सासच्या नेहमीच्या करारात थोडी फी भरून काही दिवसांची मुदत घेता येते. त्या मुदतीत कोणत्याही कारणाने माघार घ्या, फी तेवढी जाते. नव्या घरांचे बिल्डर मात्र बहुतेक स्वतःचा छापील करार वापरतात आणि त्यात ही मुदत सहसा नसते. म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, की नव्या घराच्या बाबतीत सगळी चौकशी सहीच्या आधी.

चौकशी म्हणजे आम्ही दोन दिवसांत काय करतो? कॉलिन कौंटीच्या मूल्यांकन कार्यालयाच्या नोंदीत मागच्या जमिनीचा मालक बघतो. हा इथला सात-बाराच समजा. मालक कोण, किती एकर, शेतीची सवलत आहे का, खरेदी कधी झाली, हे त्यात असतं. जमीन दोन वर्षांपूर्वी एखाद्या विकासक कंपनीने घेतलेली दिसली तर गाई पाहुण्या आहेत. (गावाचा काही भाग डेंटन कौंटीत आहे, तिथली नोंद वेगळ्या कार्यालयात.) मग शहराचे तीन नकाशे: आजचं झोनिंग, भविष्यातला जमीनवापर आणि रस्त्यांचा आराखडा. या तिसऱ्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. आज जिथे दोन गाड्या जेमतेम एकमेकींना चुकवतात, तो शेतरस्ता आराखड्यात सहापदरी असू शकतो. त्यानंतर नियोजन मंडळाच्या बैठकांची कार्यपत्रिका वाचतो. शेवटी स्वतः जाऊन कुंपणाच्या कडेने चालतो, पाट्या बघतो, मोजणीच्या खुंट्यांना बांधलेल्या रंगीत फिती बघतो.

आणखी एक तपासणी आम्ही स्वतःहून सुरू केली आणि तिचे वेगळे पैसे घेत नाही. रँचवर गुरांना पाणी पाजायला मातीचे बांध घालून केलेली तळी असतात, इथे त्यांना टँक म्हणतात. प्लॉट पाडताना ती बुजवली जातात. जुन्या हवाई छायाचित्रांमध्ये तुमच्या लॉटच्या जागी तळं दिसतंय का ते आम्ही बघतो, आणि दिसलं तर भराव कसा केला याचे कागद बिल्डरकडे मागतो. इथली माती काळी चिकण आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना ती ओळखीची वाटेल: पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत भराव कमी-जास्त दबला की घराचा पाया बोलायला लागतो. राहायला गेल्यावर उन्हाळ्यात पायाच्या कडेने समप्रमाणात पाणी द्या, हेही लक्षात ठेवा.

मोकळं राहणारं काहीच नसतं का? असतं. पूररेषेतली जमीन सहसा मोकळी राहते. डो ब्रँचसारख्या ओढ्यांच्या काठी असे पट्टे आहेत. उच्चदाबाच्या वीजवाहिनीखालचा पट्टा मोकळा राहतो, पण तो आवडला पाहिजे. शहराने उद्यानासाठी घेतलेली जागा किंवा संवर्धनासाठी कायमची करारबद्ध केलेली जमीन असेल तर उत्तमच. मागे मोकळं हवंच असेल तर आम्हाला आधी सांगा, आम्ही असेच लॉट शोधून देतो. गाई नसतील, पण दहा वर्षांनी झाडं तिथेच असतील.

आता नेहमीच्या तीन प्रश्नांची उत्तरं, थोडक्यात.

"एवढंसं बघायला दोन दिवस कशाला?" कारण नकाशे तासाभरात दिसतात, पण कार्यपत्रिका, मालकीची नोंद आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ घालायला वेळ लागतो. शनिवारी रात्री घाईने दिलेलं उत्तर चुकलं तर तुमचं तीस वर्षांचं कर्ज चुकीच्या जागी बसतं. तेवढी घाई आम्ही करणार नाही.

"घर दाखवायच्या आधीच करारावर सही का?" ऑगस्ट 2024 पासून देशभर हा नियम लागू झाला आहे: एजंटने घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करायचा आणि त्यात मोबदला स्पष्ट लिहायचा. नकोसं वाटत असेल तर एका दिवसापुरता करू, आमची हरकत नाही. मात्र मॉडेल होमला पहिल्यांदा जाताना आम्हाला बरोबर न्या. पहिल्या भेटीत एजंटची नोंद झाली नाही तर अनेक बिल्डर नंतर एजंट मान्य करत नाहीत, आणि मग आमची इच्छा असूनही आम्ही तुमच्या बाजूने बोलू शकत नाही.

"तिथे आपली माणसं किती आहेत?" हा प्रश्न मायेने विचारला जातो हे आम्हाला कळतं, पण याचं उत्तर आम्ही देत नाही. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार एजंटने धर्म, वंश, मूळ देश बघून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर आहे. कृपया राग मानू नका. गणपतीला किंवा मराठी शाळेत भेटणाऱ्या मंडळींना विचारा, ती मनमोकळं सांगतील.

कराबद्दल एवढंच: शहर, शाळा, कौंटी मिळून वर्षाला घराच्या किमतीच्या साधारण दोन टक्क्यांच्या आसपास धरा, आणि वसाहतीची वेगळी आकारणी असेल तर ती वर. पहिल्या वर्षीचं बिल फसवं असतं. 1 जानेवारीला तिथे नुसता लॉट होता म्हणून ते कमी येतं, पुढच्या वर्षी पूर्ण घराचं येतं. आणि पत्त्यात सलायना आहे म्हणून मूल सलायनाच्याच शाळेत जाईल असं नाही, गावाचा काही भाग प्रॉस्परच्या शाळाजिल्ह्यात मोडतो.

लॉट आवडला की आम्हाला तीन गोष्टी पाठवा: वसाहतीचं नाव, लॉट आणि ब्लॉक क्रमांक, आणि मागच्या कुंपणाचा फोटो. गाई असल्या तर असू द्या, पण कुंपणाचे दोन्ही कोपरे दिसले पाहिजेत. गुरुवारपर्यंत पाठवलंत तर शनिवारी सकाळी उत्तर तयार असतं. चौकात कॉफी घेऊ, नकाशे बरोबर आणतो, आणि तिथूनच लॉट बघायला निघू.