पिस्तूल शिकायला जाताय? आधी शिकवणारा पारखून घ्या

आमच्याकडे चौकशीला येणारे बरेच जण आधी कुठेतरी एखादा वर्ग करून आलेले असतात. त्यांनी सांगितलेल्या काही पद्धती ऐकून हे पत्रक काढावंसं वाटलं. आम्हीही याच धंद्यात आहोत, तेव्हा खालच्या कसोट्या आमच्या वर्गालाही खुशाल लावा.

नळीसमोर माणूस

सगळ्यात वाईट प्रकार हा. टार्गेटच्या शेजारी एका विद्यार्थ्याला उभं करायचं आणि दुसऱ्याला त्याच टार्गेटवर गोळी झाडायला लावायची. याला ‘विश्वासाचा सराव’ असं गोंडस नाव देतात. कधी फोटोसाठी प्रशिक्षकाचा माणूसच कॅमेरा घेऊन पुढे जाऊन बसतो. समर्थन ठरलेलं: खऱ्या प्रसंगात माणसं आजूबाजूला असणारच. असतील. पण नवखा माणूस घाईत चाप ओढतो तेव्हा पिस्तूल हिसडतं. उजव्या हाताने झाडणाऱ्याची गोळी अशा वेळी बहुधा खाली डावीकडे जाते. शेजारच्याचे पाय तिथेच असतात. फोटोच हवा असेल तर तिकाठीवर कॅमेरा लावता येतो.

अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियम जगभर शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलंच समजा. जे नष्ट झालेलं चालणार नाही, त्याच्यावर नळी रोखू नका. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. लक्ष्य कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. पहिल्या तासाला हे नियम फळ्यावर लिहून दुसऱ्या तासाला स्वतःच मोडणारा प्रशिक्षक दिसला, तर तिथून उठावं. पैसे बुडाले तरी.

खरं शस्त्र, ‘खोटी’ काडतुसं

ऑगस्ट २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या पुंटा गोर्डा इथे पोलिसांनी नागरिकांसाठी ‘गोळी झाडावी की नाही’ असं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये फक्त आवाजाची काडतुसं आहेत, असा समज होता. काडतुसं खरी निघाली आणि भाग घ्यायला आलेल्या ७३ वर्षांच्या बाई सगळ्यांदेखत गेल्या. तिथे कुणाचाही हेतू वाईट नव्हता, म्हणूनच ही घटना आम्ही प्रत्येक तुकडीला सांगतो. माणसासमोर माणूस उभा करायचा असेल, तर हातात रंगीत प्लॅस्टिकचं, गोळी झाडूच न शकणारं पिस्तूल हवं, किंवा लागेल तिथे फक्त रंगाची खूण सोडणारी सरावाची काडतुसं आणि त्यांच्यासाठीच बदललेलं शस्त्र हवं. खरी शस्त्रं आणि खरी काडतुसं खोलीबाहेर. झडती सगळ्यांची, प्रशिक्षकाचीसुद्धा, आणि कुणी पाणी प्यायला बाहेर जाऊन आला तर त्याची पुन्हा.

आरडाओरडा, धक्के, थट्टा

ताणाची सवय व्हावी म्हणून पायांजवळ गोळ्या झाडणारे आणि शिवीगाळ करणारे प्रशिक्षक आहेत. ज्याला अजून मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा कप्पा, नीट बदलता येत नाही, तो यातून फक्त दचकायला शिकतो. टायमर लावून शेजारी कुणी नुसतं बघत उभं राहिलं तरी हात थरथरतात, तेवढा ताण पुरतो. ‘खरा आवाज कळावा’ म्हणून इअरमफ काढायला सांगितलं तर ऐकू नका. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. कानाला कायमची इजा व्हायला एक बारही पुरे.

पहिल्याच दिवशी जबर धक्का देणारं शस्त्र हातात देऊन हसणारेही भेटतात. २०१४ मध्ये ॲरिझोनात नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी ही सलग गोळ्या झाडणारी छोटी मशीनगन दिली होती. सलग गोळ्या सुटू लागताच शस्त्र तिला आवरेना आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक मारला गेला. आमच्याकडे नवख्याच्या पहिल्या बाराला एकच काडतूस भरतात.

ऐकीव कायदा

‘२१ फुटांच्या आत सुरीवाला आला की झाडायची मुभा असते,’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं ते एवढंच, की माणूस २१ फूट म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपासचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो आणि पिस्तूल काढून झाडायला जवळपास तितकाच वेळ लागतो. तो वेळेचा हिशेब होता, परवाना नव्हे. ‘पायावर झाडा’ हा सल्लाही तसाच. पळत्या माणसाचा पाय टिपणं कठीण, आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस मिनिटांत दगावतो. ‘गोळी लागून घुसखोर दारात पडला तर ओढून आत आणा’ असं शिकवणारा तर तुम्हाला पुराव्यात ढवळाढवळ करायला लावतोय. कायद्याचा तास तुमच्या भागातल्या वकिलाकडूनच घ्या.

पैसे भरण्याआधी प्रशिक्षकाला विचारा: रेंजवर एका वेळी किती जण झाडतात, त्यांच्यामागे किती प्रशिक्षक असतात, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे आणि ती वापरता कुणाला येते. उत्तरं देताना तो चिडला तर तेही उत्तरच समजा. आमचा वर्ग चालू असताना मागे बसून बघायला केव्हाही या. इअरमफ आणि चष्मा आम्ही देऊ. कुणाची नळी चुकीच्या दिशेला वळलेली दिसली, तर पाहुण्यांनीही मोठ्याने ‘थांबा’ म्हणायचं आहे.