माराचा सातबारा

केनियातल्या मसाई मारा या वन्यप्राण्यांच्या माळावर फोटो काढून आलेला कोणी ‘माराला जाऊन आलो’ म्हणाला की लेन्स कुठली होती हे विचारण्याआधी मारा कुठला होता ते विचारावे. एकाच माळावर, एकाच आठवड्यात काढलेल्या दोन फोटोंपैकी एकात सिंह गवताआड, दुपारच्या उन्हात थरथरणारा दिसतो आणि दुसऱ्यात डोळ्याला डोळा भिडवून बसलेला. हा फरक पुष्कळदा जमीन कोणाच्या नावावर आहे त्यावरून पडतो.

केनियाने मे 1977 मध्ये हौशी शिकार बंद केली आणि पुढच्या वर्षी शिंगे-कातड्यांच्या व्यापारावरही बंदी आणली. छावण्या, वाटाडे, गाड्या ही सगळी व्यवस्था उभी होतीच. ती कॅमेरेवाल्यांच्या कामी आली. ‘बिग फाइव्ह’ही शिकाऱ्यांकडूनच आलेले. पायी पाठलाग करताना सर्वांत घातक ठरणारे ते पाच: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. चित्ता कोणाच्या अंगावर येत नाही, म्हणून तो यादीत नाही. बंदीने प्राणी वाचले का, यावर मात्र आजही भांडण आहे. 1977 ते 2016 या काळात केनियाच्या कुरणप्रदेशांतले वन्यप्राणी सरासरी 68 टक्क्यांनी घटल्याचे हवाई गणनांवरून दिसते. एक पक्ष म्हणतो, शिकारीचा पैसा थांबल्यावर जमीनमालकाला प्राणी राखण्यात काही राहिले नाही. दुसरा पक्ष बोट दाखवतो ते वाढत्या गुरांकडे, कुंपणांकडे आणि शेतीकडे.

त्याच 1977 च्या फेब्रुवारीत टांझानियाने केनियाची सीमा बंद केली. नैरोबीहून निघून मारा, मग टांझानियातले सेरेंगेटी, गोरोंगोरो अशी सलग फेरी तोवर होत असे, ती तुटली. सीमा 1983 मध्ये उघडली, पण मारातून सेरेंगेटीत थेट उतरणारी वाट पर्यटकांना परत मिळाली नाही. स्थलांतर करणाऱ्या विल्डबीस्ट या गवतखाऊ प्राण्यांच्या कळपामागून दोन्ही देशांत जायचे तर आजही इसेबानियाच्या सीमानाक्याचा वळसा घालावा लागतो. मारा असा रस्त्याच्या टोकाचा मुक्काम झाला आणि गाड्यांची गर्दी तिथेच साचली.

आता नावाचा गुंता. मारा हे राष्ट्रीय उद्यान नाही, आपल्याकडच्या जाहिरातींत तसे छापले जात असले तरी. ते ‘नॅशनल रिझर्व्ह’ आहे, म्हणजे त्याचा कारभार केंद्राकडे नसून स्थानिक प्रशासनाकडे आहे. 1961 मध्ये ते त्या काळच्या जिल्हा परिषदेकडे गेले, पुढे काही भाग वगळत 1984 मध्ये सुमारे 1510 चौरस किलोमीटरवर आले. नदीच्या पश्चिमेचा साधारण 510 चौरस किलोमीटरचा तुकडा म्हणजे ‘ट्रँगल’; तो 2001 पासून एका ना-नफा संस्थेकडे चालवायला दिलेला आहे. उत्तरेला आणि पूर्वेला आहेत त्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी जमिनी.

या खासगी कशा झाल्या? 1968 च्या कायद्याने मसाई या इथल्या पशुपालक समाजाची कुरणे ‘ग्रुप रँच’ म्हणून सामायिक नोंदवली गेली. आपल्या गायरानासारखीच, फक्त मालकी नोंदणीकृत सभासदांची. पुढे वाटण्या झाल्या. अनेकांच्या वाट्याला 150 एकरांच्या आसपास तुकडा आला. इथे गवताळ राज्य संपून कुंपणे सुरू होणार, हे दिसत होते. 2005-06 पासून शेजारी शेजारी असलेल्या मालकांनी आपले तुकडे एकत्र करून पर्यटन छावण्यांना भाड्याने दिले. भाडे दरमहा, प्राणी दिसोत न दिसोत. 2013 च्या वन्यजीव कायद्याने या व्यवस्थेला कायदेशीर नाव दिले. भाडेकरारांत छावण्यांवर मर्यादाही आल्या: कुठे 350 एकरांमागे एक तंबू, कुठे 700.

ही मांडणी सर्वांना सुखाची नाही. भाडे मिळते ते उताऱ्यावर नाव असलेल्याला. बायकांची नावे त्यावर क्वचितच असतात. दुष्काळात गुरे कुठे चारायची, हा तंटा दरवर्षीचा, आणि 2020 मध्ये पर्यटक थांबले तेव्हा भाड्यालाही कात्री लागली. तरीही कॅमेऱ्याच्या बाजूने पाहिले तर कॉन्झर्व्हन्सीचे पारडे जड आहे.

रिझर्व्हमध्ये रस्ता सोडता येत नाही. मांजरकुळातल्या प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, अंतर किमान 25 मीटर आणि मागे रांग असेल तर 10 मिनिटे, असा नियम आहे. बिबट्या रस्त्यापासून 90 मीटरवर, पाठ करून बसला असेल तर 600 मिलिमीटरची लेन्सही उपयोगाची नाही. सकाळी साडेनऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा हलू लागते आणि तपशील पुसला जातो. शटरचा वेग 1/3200 सेकंदावर नेला तरी तो परत येत नाही. अंतर कमी करणे हाच उपाय. कॉन्झर्व्हन्सीत गाडी गवतात उतरवून सूर्य पाठीशी घेता येतो. तिथे 100-400 ची झूम पुरते.

मात्र जवळ जाण्यातही एक फसगत आहे. छताच्या झडपेतून धरलेला कॅमेरा जमिनीपासून सुमारे अडीच मीटरवर असतो, उभ्या सिंहाचा डोळा एक मीटरवर. 10 मीटरवरून कॅमेरा साडेआठ अंश खाली बघतो आणि सिंह गवतात रुतल्यासारखा दिसतो. 40 मीटरवरून हाच कोन दोन अंशांवर येतो. म्हणून छतातून टिपताना मागे सरून लांब लेन्स लावावी. अगदी जवळून टिपायचे असेल तर खिडकीत बसावे. तिथे उंची दीड मीटर, कोन तीन अंशांच्या आत. बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी, रिकामी न्यावी आणि नैरोबीत किंवा वाटेवरच्या नारोकला दोन-तीन किलो तांदूळ भरावा. इंजिन बंद आणि गाडीत कोणी हलायचे नाही, नाहीतर बीनबॅगही वाचवत नाही. धुळीसाठी उशीचा अभ्रा न्यावा. पॉलिथिनच्या पिशव्यांवर ऑगस्ट 2017 पासून देशभर बंदी आहे आणि त्या विमानतळावरच काढून घेतल्या जातात.

कॉन्झर्व्हन्सीत रात्रीही फिरता येते. दिव्यावर लाल फिल्टर, आयएसओ 6400 च्या पुढे, शटर 1/125. झेब्रा-हरणांवर झोत टाकायचा नाही. दिपलेला प्राणी आयता सावज होतो.

नदी ओलांडणारे प्रसिद्ध कळप मात्र रिझर्व्ह आणि ट्रँगलमध्येच पाहायला मिळतात, जुलै ते ऑक्टोबर. इथे काठ निवडावा लागतो. सकाळी पूर्व काठावर प्रकाश पाठीशी असतो, दुपारनंतर पश्चिम काठावर. दोन्हींना जोडणारा पूल पार दक्षिणेला, त्यामुळे ऐन वेळी काठ बदलता येत नाही. पहिली विल्डबीस्ट पाण्यात शिरेपर्यंत गाड्या मागेच हव्यात. घाई केली की अख्खा कळप माघारी वळतो.

या गर्दीवरचा ताजा आणि वादग्रस्त उपाय म्हणजे 2024 चे दर. परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर, जुलै ते डिसेंबर 200. शिवाय तिकीट 24 तासांऐवजी 12 तासांचे, सकाळी 6 ते संध्याकाळी 6. आत मुक्काम असेल तर निघायच्या दिवशी सकाळी 10 च्या आत बाहेर पडावे लागते, नाहीतर नवे तिकीट. सहा जणांच्या गटाला ऑगस्टमधले चार दिवस 4800 डॉलरना पडतात, तेही छावणी आणि गाडी सोडून. गर्दी किती हटली हे बाजूला ठेवू. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या फोटोसहलींनी आखणी बदलली ती मात्र यामुळे. पहिले दोन-तीन दिवस कॉन्झर्व्हन्सीत, रिझर्व्हचा एकच दिवस नदीसाठी.

माणसांच्या फोटोलाही हाच उतारा लागू आहे. कॉन्झर्व्हन्सीत संध्याकाळी गुरे हाकत जाणारा मसाई बहुधा त्या जमिनीचाच मालक असतो; वाटाड्याकरवी त्याच्या मा भाषेत विचारल्याशिवाय लेन्स उचलू नये. वस्तीत जाताना रक्कम आधी ठरवावी, आणि ती ‘प्रवेशाची’ की ‘फोटोसह’ हेही. दुपारी अंगावरचे लाल वस्त्र, शुका, उन्हात जळते आणि चेहरा काळवंडतो. घराच्या सावलीत, दाराशी उभे करून टिपले की त्वचेचा रंग आहे तसा येतो.