रेडिओ नसलेला याकोब आणि त्याचे वारसदार

रॉबेर्तो बेनिन्यीच्या ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ला १९९९मध्ये तीन ऑस्कर मिळाले आणि छळछावणीवर विनोदी सिनेमा काढावा का, हा वाद पेटला. त्या वादात एक गोष्ट मागे पडली. हा प्रकार बेनिन्यीने सुरू केलेला नाही. त्याच्या आधी पंचवीस-तीस वर्षं, स्वतः छावणीतून वाचलेल्या किंवा आपली माणसं तिथे गमावलेल्या लोकांनी असे सिनेमे करून ठेवले होते आणि माझ्या मते ते अधिक खोल आहेत.

युद्ध चालू असताना ही वाट पाडली ती हॉलिवूडमध्ये गेलेल्या युरोपीय माणसांनी. चॅप्लिनचा हिटलरची टर उडवणारा ‘द ग्रेट डिक्टेटर’ १९४०चा, तर बर्लिनच्या ज्यू घरात जन्मलेल्या एर्न्स्ट लुबिचचा ‘टू बी ऑर नॉट टू बी’ १९४२चा. छावण्यांतलं क्रौर्य तेव्हा ठाऊक असतं तर ‘द ग्रेट डिक्टेटर’ करूच शकलो नसतो, असं चॅप्लिनने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. युद्धानंतर तर सगळंच उघड झालं. आता हसायचं कसं आणि कोणाला?

याचं सर्वांत चांगलं उत्तर पूर्व जर्मनीतून आलं. लेखक युरेक बेकर पोलंडमधल्या वूच शहरात जन्मला. जर्मनांनी १९४०मध्ये तिथल्या सुमारे १,६०,००० ज्यूंना एका वस्तीत कोंडलं. तिथे रेडिओ ऐकणं हा जिवावर बेतणारा गुन्हा होता. लहानगा बेकर त्या वस्तीतून छावण्यांमध्ये गेला. मुक्तता झाल्यावर काही काळातच आई गेली, वडिलांनी त्याला शोधून काढलं आणि दोघे पूर्व बर्लिनमध्ये स्थायिक झाले. वस्तीत जिवावर उदार होऊन रेडिओ लपवणाऱ्या एका माणसाची हकीकत वडील त्याला सांगत. त्या शूरावर तू लिही, असा त्यांचा आग्रह होता. बेकरने लिहिलं ते रेडिओ नसलेल्या माणसावर. वडील दुखावले आणि बराच काळ मुलाशी बोलले नाहीत.

तो माणूस म्हणजे ‘जेकब द लायर’ या सिनेमातला याकोब. संचारबंदीत सापडला म्हणून पहारेकरी त्याला ठाण्यात पाठवतो आणि तिथल्या रेडिओवर रशियन फौजा जवळ आल्याची बातमी त्याच्या कानावर पडते. दुसऱ्या दिवशी मालधक्क्यावर मिशा नावाचा तरुण बटाटे चोरायला निघतो. पकडला गेला तर गोळीच. त्याला अडवायला याकोब बातमी सांगतो. पण ठाण्यातून जिवंत परतल्याचं कोणाला पटणार? मग माझ्याकडे रेडिओ आहे, अशी थाप तो ठोकून देतो. झालं. सगळी वस्ती रोज ताज्या बातमीसाठी त्याच्या मागे लागते आणि त्या भोळ्या माणसाला लढाया जिंकून द्याव्या लागतात. लीना या पोरक्या मुलीला तर रेडिओ बघायचाच असतो. तळघरात आडोशामागे बसून याकोब निवेदकाचा आवाज काढतो, तोंडाने बँड वाजवतो, ढग मागणाऱ्या आजारी राजकन्येची गोष्ट सांगतो. राजकन्येला वाटतं की ढग कापसाचे असतात, त्यामुळे माळ्याने आणून दिलेल्या कापसाने ती बरी होते. इथे हसू येतं ते याकोबच्या धडपडीचं. छावणीची भीती त्याने तसूभरही कमी होत नाही.

हा सिनेमा होणंही सोपं नव्हतं. साठच्या दशकातली ही पटकथा डेफा या सरकारी स्टुडिओत अडकली. दिग्दर्शक फ्रँक बायरचा दुसराच एक सिनेमा १९६६मध्ये सरकारला खुपला आणि त्याला स्टुडिओबाहेर काढण्यात आलं. बेकरने पटकथेची कादंबरी केली, ती १९६९मध्ये आली नि गाजली, तेव्हा कुठे १९७४मध्ये बायरच्याच हातून सिनेमा पुरा झाला. त्यात न्हावी झालेला एर्विन गेशोनेक स्वतः डाखाउ छावणीत राहिलेला होता. ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेला पूर्व जर्मनीचा हा एकमेव सिनेमा.

त्याआधी, १९६५मध्ये, चेकोस्लोव्हाकियात ‘द शॉप ऑन मेन स्ट्रीट’ झाला. दिग्दर्शकांपैकी यान कादारचे आईवडील आउशवित्झमध्ये मारले गेले होते. काळ १९४२चा. हिटलरच्या आश्रयाखालचं स्लोव्हाक सरकार आपले ज्यू नागरिक जर्मनीच्या हवाली करत होतं, वर माणशी ५०० मार्क मोजायलाही तयार झालं होतं. टोनो या सुताराला एका म्हाताऱ्या ज्यू बाईच्या बटणांच्या दुकानाचा मालक नेमतात. बाईला ऐकू येत नाही. तिला वाटतं, हा मदतनीस आलाय. दुकानात कमाई शून्य, म्हणून ज्यू मंडळीच त्याला गुपचूप पगार देतात. या गैरसमजावर आपण तासभर हसतो आणि मग हद्दपारीचा दिवस उजाडतो.

पुढची पिढी मुलांची. रादू मिहाइलेआनूचे वडील रोमानियातले ज्यू, नाझींच्या छावणीतून निसटलेले. त्याच्या ‘ट्रेन ऑफ लाइफ’मध्ये (१९९८) एक अख्खं गाव खोटी आगगाडी उभी करतं, काही जणांना जर्मन सैनिकांचे गणवेश चढवतं आणि स्वतःचीच ‘हद्दपारी’ करून निसटायला निघतं. शेवट मी फोडत नाही. तो कळल्यावर आधीचं सगळं हसू वेगळंच वाटू लागतं.

यान ह्रेबेक तर युद्धानंतर वीसेक वर्षांनी जन्मलेला. त्याच्या ‘डिव्हायडेड वी फॉल’मध्ये (२०००) चेक जोडपं ज्यू शेजाऱ्याला कोठीत लपवतं. नाझी अधिकारी घरात भाडेकरू म्हणून यायला नको, म्हणून बायको गरोदर असल्याची थाप मारतं. नवऱ्याला तर मूल होणं शक्य नसतं. मग कोठीतल्या पाहुण्यालाच गळ घालावी लागते. ज्यू माणसाला वाचवणं टोनोच्या हातून निभलं नाही, ते हे दोघे निभावून नेतात, तेही रोज थरथर कापत.